सनद हातात, हप्ता दारात: नागपुरात लॉ शिकायला येणाऱ्यांसाठी

२०१९ साली मी उमरेडकडच्या गावातून नागपुरात तीन वर्षांच्या एलएलबीला आले. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा बाबा सातबारा सोबत घेऊनच बसले होते. तीन लाखांसाठी शेत तारण द्यावं लागेल असं शाखेतून सांगितलं होतं आणि बाबांनी ते मनोमन कबूलही केलं होतं. शेजारी पेन्शनच्या कामाला आलेले एक निवृत्त गुरुजी बसले होते. ते हळूच म्हणाले, "भाऊ, चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. लेखी मागा त्यांना." आम्ही लेखी मागितलं, आणि पुढच्या दोन आठवड्यांत कर्ज तारणाविना मंजूर झालं. तेव्हापासून मी नव्या मुलांना सांगते, बँकेत तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नका. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा, नकार आला तर कारण लेखी घ्या.

पण कर्ज ही नंतरची पायरी. आधी जे परत करावं लागत नाही ते सगळं मागून घ्या.

शिष्यवृत्तीचं दार महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे आणि ते कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांनाच उघडतं. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की बहुतेक योजना तिथंच संपतात, हे प्रवेशाच्या घाईत कुणी सांगत नाही. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, त्यात निम्मी शिकवणी फी मिळते. ओबीसी म्हणून मलाही निम्मीच फी मिळाली होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. माझ्या मागून आलेल्या मुलींना हे मिळतंय याचा मला फार आनंद आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे.

मात्र बाहेरगावच्या मुलाला फीपेक्षा खोली आणि मेस जास्त जड जाते. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून किती तरी पोरं गावी परत जातात. त्यांच्यासाठी खोली-मेसच्या खर्चाला पैसे देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातीला स्वाधार, अनुसूचित जमातीला स्वयम् आणि ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपूर शहराचा समावेश मुंबई-पुण्याच्या गटात होतो, म्हणजे वर्षाला ६० हजार. गडचिरोली, गोंदियाहून येणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये.

माझं पहिल्या वर्षीचं पैशाचं वेळापत्रक एका साध्या गोष्टीनं कोलमडलं. आधार जोडलेलं होतं आठवीत गावात काढलेल्या खात्याला, मी मात्र नागपुरातल्या नव्या खात्याकडे डोळे लावून बसले होते. शिष्यवृत्ती आली, ती त्या विसरलेल्या बंद खात्याकडे, आणि परत गेली. सात महिने गेले. म्हणून प्रवेशाआधीच आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते तपासा. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतूची रांग पाहिली की समजेल मी असं का म्हणते. जात वैधता प्रमाणपत्र तर त्याहून कितीतरी आधी. आणि अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी शिष्यवृत्तीच्या बाबूंकडे जाऊन, नम्रपणे, अर्ज क्रमांक दाखवून विचारायचं.

आता कर्जाचा हिशोब. हा मला कुणी मांडून दाखवला नव्हता. दरवर्षी एक लाख याप्रमाणे तीन लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर अभ्यासक्रम अधिक एक वर्ष या सवलतीच्या काळात साधं व्याज चढत राहतं: पहिल्या लाखावर ४० हजार, दुसऱ्यावर ३०, तिसऱ्यावर २०. हप्ता सुरू होतो तेव्हा देणं ३ लाख ९० हजारांचं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ५,१५० रुपये, पाच वर्षांत तर ८,३०० च्या घरात.

वकिलीत नेमकं इथेच दुखतं. इंजिनियरला चार वर्षांनी पगार सुरू होतो. आपल्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते, बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते, मग सिनियरच्या चेंबरमध्ये ज्युनियरशिप. मला पहिल्या वर्षी महिन्याला सहा हजार मिळायचे. सिनियर मायाळू होते, शिकवत भरपूर, पण हप्ता आणि खोलीभाडं त्यात बसत नव्हतं. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतनाची शिफारस केली. ती शिफारसच आहे, त्यावर विसंबून कर्ज उचलू नका. सनदीची फी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. माझ्या वेळी तिथंही काही हजार गेले होते.

अमेरिकेत सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं, शिवाय कित्येक लॉ स्कूल आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या हप्त्याला हातभार लावतात. आपल्याकडे तसं नाही. आहे ते व्याज अनुदान: घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण मागणी बँकेनं लावायची असते. माझ्या शाखेनं लावलीच नाही, मी शेवटच्या वर्षी विचारलं तेव्हा मागच्या वर्षांची मुदत टळून गेली होती. तुम्ही कर्ज मंजूर होतानाच विचारा आणि उत्पन्नाचा दाखला जोडल्याची पोच घ्या. पुढे ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही पाहून ठेवा. शिकत असताना महिन्याला पाचशे-हजार व्याजापोटी भरता आले तरी वरचा नव्वद हजारांचा डोंगर बराच खाली येतो.

माझा हप्ता निघाला तो भाषांतरावर. हायकोर्टाच्या खंडपीठात मराठी कागद इंग्रजीत करून लावावे लागतात: फेरफार, एफआयआर, पंचनामे. पानाच्या हिशोबानं पैसे मिळतात आणि कागद वाचायची सवय लागते ती वेगळीच. सिव्हिल लाइन्समधल्या दोन-तीन चेंबर्सना मी रात्री हे काम करून द्यायची. फौजदारीची आवड असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव पक्ष वकील योजनेत सहायक पदावर नवख्यांना जागा असते आणि महिन्याचं ठरावीक मानधन असतं.

तरीही एका पावसाळ्यात दोन हप्ते चुकले. ९० दिवस उलटले की खातं थकीत कर्जात जातं, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग बसतो आणि सहकर्जदार म्हणून बाबांचं पीककर्जही अडतं. बाबांचा विचार मनात आला आणि मी सत्तराव्या दिवशी शाखेत गेले, कमाईचा खरा आकडा लिहून अर्ज दिला. सात वर्षांची मुदत दहा झाली. जास्तीचं व्याज जाईल हे ठाऊक होतं, पण त्या खरिपाला बाबांना सोसायटीचं कर्ज वेळेवर मिळालं.