इलेक्ट्रोलिसिसला जाताना दुखण्याचं काय करायचं

मी नाशिकला बँकेत नोकरी करते. पीसीओडीमुळे, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडामुळे, विसाव्या वर्षापासून माझ्या हनुवटीवर केस येतात. पंधरा वर्षं थ्रेडिंग केलं, मग लेसर. लेसरने काळे केस बरेच गेले. पण चाळिशीनंतर जे पांढरे आले, त्यांना लेसर हातही लावू शकत नाही. त्याची ऊर्जा केसातला काळा रंग शोषून घेतो आणि पांढऱ्या केसात तो नसतोच. मग कायमचा उपाय एकच उरतो, इलेक्ट्रोलिसिस: केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, त्यातून वीज सोडायची आणि मूळ मारायचं. एका वेळी एक केस.

बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. गेली दोन वर्षं त्यातला एक शनिवार मी या कामाला देते आहे. हे लिहायचं कारण असं की, पहिल्या सिटिंगनंतर घाबरून सोडून दिलेल्या तीन-चार जणी माझ्याच ओळखीत आहेत आणि त्या पुन्हा रोज सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी स्वतः सुरुवातीला जिथे गेले, तिथे चाळीस मिनिटं दात आवळून पडून राहिले. ‘दुखतंय का?’ असं दोनदा विचारलं गेलं. दोन्ही वेळा मी ‘नाही, चालू द्या’ म्हटलं. सोसायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. घरी आल्यावर हनुवटीवर खपल्या धरल्या आणि त्यांचे सात काळे डाग पाच महिने राहिले. आपल्या सावळ्या त्वचेवर भाजल्याचा डाग लवकर जात नाही. मी बोलले असते तर विजेचा जोर तिथेच कमी झाला असता. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: सुई चालू असताना काय होतंय ते बोला, आणि नेमकं बोला.

‘दुखतंय’ एवढं पुरत नाही. मराठीत दुखण्याला किती तरी शब्द आहेत, ते इथे खरोखर कामाला येतात. सुई आत जाताना टोचली, तर ती केसाच्या छिद्रातून न जाता कातडीत घुसली आहे. नीट गेलेली सुई जवळजवळ कळत नाही. वीज सुटताना आत खोल सणक आली, तर ते अपेक्षितच आहे. पण कातडीच्या वरच चटका बसला, तर सुई उथळ आहे किंवा ती आत-बाहेर होत असताना वीज चालू आहे. लगेच थांबवायला सांगा, डाग पडतो तो यानेच. केस काढताना ओढ बसली, म्हणजे मूळ पुरतं मेलेलं नाही; तो केस उपटला गेला आणि परत येणार. नीट झालेला केस लोण्यातून निघावा तसा सुटून येतो. नंतर तासभर चुणचुण ठीक आहे. रात्रीपर्यंत ठणका लागला, तर एका जागी फार काम झालंय किंवा जोर जास्त होता; पुढच्या वेळी ते आधी सांगायचं.

आता मी त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाते. तिथल्या ताईंशी पहिल्या दिवशीच ठरवलं: डावा हात उचलला की थांबायचं. हात एकूण फार वेळा उचलावा लागत नाही, पण थांबवता येतं हे माहीत असलं की अंग आखडत नाही. आखडलेल्या अंगाला जास्तच दुखतं.

कोणती पद्धत वापरतात, तेही विचारा. सगळ्यात जुनी गॅल्व्हॅनिक. १८७५ मध्ये अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी आत वळलेल्या पापण्यांचे केस काढायला हीच वापरल्याचं लिहिलं होतं. यात त्वचेतल्या मिठा-पाण्यापासून मुळाशी कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ जाळतो. हे सावकाश चालतं, दुखणं हळूहळू चढत जातं. थर्मोलिसिसमध्ये उष्णतेने मूळ भाजतं. काम क्षणात होतं, सणक तीक्ष्ण पण छोटी. ब्लेंड म्हणजे दोन्ही एकत्र. मला क्षणाची सणक परवडते. माझ्या मावसबहिणीला तीच नको वाटते, ती ब्लेंडवर शांत पडून असते. एक असह्य झाली म्हणून इलेक्ट्रोलिसिसच नको, असं ठरवू नका. सुईची जाडी केसाच्या जाडीला जुळती हवी, आणि फक्त टोक उघडं ठेवून बाकी आवरण असलेली सुई मिळत असेल तर मागून घ्या. उष्णता मुळाशी राहते, वरची कातडी वाचते. पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नका.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असलेलं क्रीम मला डॉक्टरांनी लिहून दिलं. सिटिंगच्या तासभर आधी हनुवटीवर जाड थर लावायचा, चोळायचा नाही, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म. दवाखान्यात पोचल्यावर पुसून टाकायचं. नुसतं पातळ लावून दहा मिनिटांत निघालं तर काही उपयोग होत नाही, आणि मग ‘क्रीमने फरक पडत नाही’ असं बायका म्हणतात. पण सांगितलेल्या जागेपलीकडे ते फासू नका. अमेरिकेत लेसरच्या आधी पायभर बधिर करणारं क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या २२ आणि २५ वर्षांच्या दोन मुली दगावल्या. २००७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्यावरून इशारा दिला. औषध त्वचेतून रक्तात जातं. जी६पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल, गरोदर असाल, तर डॉक्टरांना आधी सांगाच. मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

पोळी-भाजी खाऊन, तासभर आधी मी पॅरासिटामॉल ६५०ची एक गोळी घेते. यकृताचा त्रास असेल तर विचारून. आदल्या दोन दिवसांत पाणी भरपूर पिते, त्या सकाळी चहा अर्धाच कप. केस तीन-चार दिवस आधी रेझरने काढून थोडे वाढू देते. थ्रेडिंग मात्र बंद: मूळच उपटलं तर सुई घालायची कशात?

पाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा विजेच्या तेवढ्याच जोराने मला दुप्पट दुखतं. पीसीओडीत तारखेवर भरवसा नसतो, म्हणून मी शरीराकडे बघते. छाती जड वाटायला लागली की फोन करून सिटिंग पुढे ढकलते.

पहिली सिटिंग पंधरा मिनिटांचीच घ्या. जबड्याखालून सुरुवात करा. वरच्या ओठाचा नाकाखालचा मधला भाग सगळ्यात नाजूक, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, तो शेवटी ठेवा. एकाला लागून असलेले केस ओळीने न घेता थोडी जागा सोडून घ्यायला सांगा. माझ्या मशीनला पायाचं पेडल आहे. त्याचा टक् आवाज येताना मी श्वास सोडते. एका कानात अभंग लावते. दुसरा कान ताईंसाठी मोकळा.

नंतर स्वच्छ रुमालात बर्फ, पाचेक मिनिटं. मग साधं कोरफड जेल. हळद-बेसन, वाफ, मेकअप चोवीस तास नको. आपण दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतो, तो घामट असतो, आणि हेल्मेटचा पट्टा नेमका हनुवटीवर घासतो. म्हणून त्या दिवशी मी रिक्षाने येते. उशीला धुतलेला अभ्रा घालते. टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या आल्या तर त्यांना नखही लावायचं नाही, आठवड्याभरात पडतात. पू दिसला किंवा लाली पसरत गेली तर डॉक्टरांकडे जायचं. उन्हात सनस्क्रीन, म्हणजे डाग धरणार नाहीत.

मी एका वहीत तारीख, वेळ, क्रीम, गोळी आणि दुखणं दहापैकी किती, एवढं लिहून ठेवते. पहिल्या पानावर आठ आहे. जानेवारीपासून तीनच्या वर आकडा नाही, आणि पंचेचाळीस मिनिटांची सिटिंग आता वीसवर आली आहे, कारण घ्यायला केसच कमी उरलेत. गेल्या दोन वेळा क्रीम लावलंच नाही.