परिसरात थीम पार्क येणार असेल तर हरकती-सूचना कशा मांडाव्यात

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, कोलशेत-बाळकुमच्या खाडीपट्ट्यात किंवा पलीकडे नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे एखादा मोठा मोकळा भूखंड दिसला आणि तिथे थीम पार्क होणार अशी बातमी आली, की सोसायटीच्या गटात दोन तट पडतात. घरांच्या किमती वाढतील म्हणून काही जण आनंदतात, रस्ता ठप्प होईल म्हणून काही जण चिडतात, आणि एकाही कागदाचा शोध न घेता महिना निघून जातो. नेमका तोच महिना महत्त्वाचा असतो, आणि तो हातचा जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात भूखंडापासून करावी. त्याचा सर्व्हे नंबर किंवा सेक्टर व भूखंड क्रमांक मिळवावा आणि मंजूर विकास आराखड्यात त्यावर कोणते आरक्षण आहे ते पाहावे. यासाठी ठाण्यात महापालिकेचा शहर विकास विभाग, नवी मुंबईत महापालिकेचा नगररचना विभाग आणि जमीन सिडकोची असल्यास सिडकोचे कार्यालय गाठावे, आणि रीतसर अर्ज करून झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा दाखला, घ्यावा. जागा खेळाच्या मैदानासाठी किंवा उद्यानासाठी राखीव असेल आणि तिथे तिकीट लावून राइड्स चालवायच्या असतील, तर बहुधा आरक्षणात बदल करावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार असा फेरबदल करण्यापूर्वी जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. म्हणून सोसायटीतल्या एका व्यक्तीवर रोज सूचनांचे पान वाचण्याची जबाबदारी सोपवावी.

या मुदतीवर इतका भर देण्यामागे कारण आहे. पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तेव्हा बोलू, असे अनेकांना वाटते. मात्र 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार बांधकाम प्रकल्पांना 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्रफळापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते आणि या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. शिवाय मोजमाप बांधीव क्षेत्राचे असल्याने, उघड्यावरच्या राइड्सचा बराच मोठा प्रकल्पही या मर्यादेच्या खाली राहू शकतो. म्हणजे आपले म्हणणे अधिकृतपणे नोंदवण्याची संधी बहुतेक वेळा कलम 37 च्या त्या महिन्यातच असते.

जागा खाडीलगत असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा अवश्य पाहावा. 2019 च्या अधिसूचनेत 1000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती 50 मीटरचा संरक्षक पट्टा सांगितला आहे, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. येऊरच्या बाजूला असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र तपासावे.

प्रस्तावाची संचिका माहितीच्या अधिकारात मागावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांचीच मर्यादा असल्याने वाहतूक अहवाल, निविदेच्या अटी आणि पाणीपुरवठ्याचा अभिप्राय यांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत. प्रत्येकी 10 रुपयांचे शुल्क लागते. उत्तरासाठी 30 दिवस लागतात आणि हरकतींची मुदतही तेवढीच असल्याने अर्जाच्या उत्तरावर विसंबून राहू नये; आधी हरकत दाखल करावी आणि माहिती मिळाल्यावर सुनावणीच्या वेळी पुरवणी टिपण द्यावे.

आता हरकतीतल्या मजकुराविषयी, कारण खरी चूक इथेच होते. आमच्या सोसायटीने एका प्रकल्पाच्या वेळी एकच पत्र छापून घरोघरी सह्या घेतल्या होत्या. त्यात 'वाहतूक कोंडी होईल, प्रदूषण वाढेल' एवढेच होते, आणि त्याला उत्तरही तितकेच मोघम मिळाले. त्याच वेळी शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिका रविवारी संध्याकाळी पाच ते आठ फाटकापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. मांडीवर चौकटी आखलेली वही असे आणि दर पंधरा मिनिटांनी त्या रिक्षा, चारचाकी, बस आणि टँकर यांच्यापुढे रेघा ओढत. सलग चार रविवारी त्यांनी हे केले. रुग्णवाहिका अडकली तर ती किती मिनिटे थांबली याचीही वेळेसह नोंद असे. सुनावणीत त्यांच्या वहीतल्या आकड्यांवर प्रश्न विचारले गेले, चर्चा झाली आणि पार्किंगचे प्रवेशद्वार सेवा रस्त्यावरून हलवण्याचा मुद्दा इतिवृत्तात आला.

म्हणून मोजावे. आठवड्यातला एक कामाचा दिवस आणि दोन सुट्टीचे दिवस घ्यावेत. सोसायटीत महिन्याला किती टँकर आले याच्या पावत्या जोडाव्यात, कारण उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या वस्तीशेजारी जलक्रीडा प्रस्तावित असेल तर पाणी कुठून येणार हा पहिला प्रश्न ठरतो. आवाजासाठी ध्वनी प्रदूषण नियम, 2000 चा आधार घ्यावा: निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाइलवरचे मापन अंदाजापुरतेच धरावे, पण आजची शांतता नोंदवून ठेवली तर उद्या तुलना करता येते.

नुसता विरोध लिहू नये, अटी मागाव्यात. राइड्स बंद करण्याची वेळ, सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचाच बागेसाठी वापर, आवारातच पुरेसे पार्किंग आणि स्थानिक मुलांसाठी विनातिकीट मैदानाचा राखून ठेवलेला भाग, हे सगळे करारनाम्यात लिहून यायला हवे. प्रकल्प खासगी भागीदारीत असेल तर भाडेपट्टा किती वर्षांचा आणि विकासकाला बदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळणार का, हेही विचारावे.

या प्रक्रियेत सोसायट्यांचा आवाज मोठा असतो आणि गावठाणाचा, पाड्यांचा, कोळीवाड्याचा बारीक पडतो, याचे मला फार वाईट वाटते. होडी लावायची जागा, खाडीकडे जाणारी पायवाट, फाटकाबाहेरची वडापावची गाडी यांचे नुकसान फ्लॅटमधल्या माणसाला दिसत नाही. त्यांच्याकडे स्वतः जावे, त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि त्यांच्या नावाने वेगळी दाखल करावी. फेरीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. त्यातील नगर पथविक्रेता समितीकडे पत्राची प्रत द्यावी. नोकऱ्यांचे आश्वासन मिळत असेल तर त्या कायम की कंत्राटी, किती आणि कोणत्या कामाच्या, हे लेखी मागावे.

हरकत दोन प्रतींत न्यावी. आवक शाखेत एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ईमेल पाठवला तरी ही पोच सोडू नये. त्यात 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य असलेच पाहिजे. सुनावणीला एका व्यक्तीने वाहतूक, दुसरीने पाणी आणि तिसऱ्याने गावठाणाची बाजू मांडावी, प्रत्येकाने पाच मिनिटांत संपवावे, आणि निघण्यापूर्वी इतिवृत्ताची प्रत मिळावी असा अर्ज त्याच टेबलावर द्यावा.