ग्रासकटरचा कार्बोरेटर उघडताय? या चुका टाळा

एप्रिल-मे सोलापुरात पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलेला ग्रासकटर गवत वाढल्यावर बाहेर निघतो आणि दहा-पंधरा वेळा दोरी ओढली तरी धरत नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या डाळिंब बागेतला फवारणी पंप असो की शहरातल्या बंगल्याची लॉन मशीन, दोष बहुतेक वेळा टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो. पारा चाळिशीपार गेला की पेट्रोलमधला हलका भाग उडतो आणि उरलेला चिकट थर कार्बोरेटरमधल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, केसाएवढ्या भोकात बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी बसतं, टू-स्ट्रोकचं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तळाला टेकलेला असल्याने इंजिनाला ऑइलविना माल जातो. म्हणून जुनं मिश्रण नव्यात मिसळून संपवू नका, सरळ काढून टाका.

न तपासता स्क्रू-ड्रायव्हर हातात घेणं

ही सगळ्यात महागडी चूक. आधी ताजं पेट्रोल भरा आणि प्लग काढून ठिणगी बघा. मग मोकळ्या जागी, सांडलेलं पेट्रोल पुसून, प्लगच्या भोकात अर्धा चमचा पेट्रोल टाका, प्लग बसवून दोरी ओढा. इंजिन दोन-चार सेकंद चालून बंद पडलं तर पेट्रोल पोहोचत नाही, एवढं नक्की. तरीही कार्बोरेटरचा नंबर शेवटी. टाकीतला फिल्टर, तडकलेला पाईप आणि झाकणाचं हवेचं भोक आधी बघा. झाकण सैल केल्यावर मशीन नीट चालली तर दोष झाकणात आहे. चोक अर्धा ओढल्यावरच चालत असेल, तर जेट बुजलंय किंवा कार्बोरेटर आणि सिलेंडरच्या मधून हवा शिरतेय.

डायाफ्रामवाला कार्बोरेटर

बहुतेक टू-स्ट्रोक ग्रासकटरवर हाच, म्हणजे पातळ पडद्यावर (डायाफ्राम) चालणारा, असतो आणि सर्वात जास्त बिघाड जोडतानाच होतो. प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढा. मीटरिंगच्या (इंजिनाला पेट्रोल मोजून देणाऱ्या) बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग, मग डायाफ्राम. पंपाच्या (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) बाजूला बहुतेक मॉडेलमध्ये उलट, आधी डायाफ्राम आणि वर पॅकिंग. हे अदलाबदल झालं तर किट (पॅकिंग-डायाफ्रामचा संच) नवीन असूनही इंजिन धरणार नाही. जुना डायाफ्राम बोटांत धरून बघा: कापडासारखा मऊ हवा, वेष्टनाच्या कागदासारखा कडकडला तर बदला.

निडल (पेट्रोलची वाट उघड-बंद करणारी सुई) उघडणाऱ्या लिव्हरची उंची बहुतेक लोक बघतच नाहीत. अनेक मॉडेलमध्ये तिचं टोक खोलगट भागाच्या तळाशी समपातळीत असतं, काहींत बॉडीच्या वरच्या कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर खाली. लिव्हर उंच राहिली तर पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, खाली राहिली तर इंजिन रेस घेत नाही. पट्टी ठेवून मोजा, अंदाजाने वाकवू नका.

आणखी एक: या कार्बोरेटरचा पंप क्रँककेसच्या (इंजिनाचा पिस्टनखालचा भाग) दाबावर चालतो. तो दाब एका बारीक भोकातून येतो. कार्बोरेटरमागचं पॅकिंग उलटं बसलं की भोक झाकलं जातं आणि पेट्रोल चढतच नाही. नवा कार्बोरेटर बसवूनही "तोच प्रॉब्लेम" म्हणणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

साफ करताना क्लीनर मारण्याआधी सगळं रबर काढा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. मुख्य नोझलमध्ये एकेरी व्हॉल्व्ह असतो, कंप्रेसरची हवा थेट तिथे मारली तर तो निकामी होतो. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित जरी वाढलं तरी हवा-पेट्रोलचं मिश्रण कायमचं बिघडतं. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा बारीक तुकडा चालतो.

फ्लोटवाला कार्बोरेटर

हा फोर-स्ट्रोक पंप आणि पॉवर विडरवर (तण काढायचं यंत्र) असतो. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट निडल उघड-बंद करतो. इथे लोक वाटी धुऊन मेन जेट साफ करतात, पण स्लोचं (रेस नसताना पेट्रोल देणारं) जेट विसरतात, मग इंजिन रेसवर चालतं आणि रेस सोडली की बंद. फ्लोटची उंची निडलची स्प्रिंग न दाबता मोजा, होंडा जीएक्स १६० साठी ती १३.७ मिमी आहे. निडल गळकी असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर निडलसोबत ऑइलही बदला, नाहीतर बेअरिंग जाईल. मशीन उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा, तो याचसाठी.

नवा कधी घ्यावा

बॉडीला आतून पांढरी पूड धरली असेल, थ्रॉटलची दांडी हलत असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील, तर किट घेऊन उपयोग नाही. जुना कार्बोरेटर दुकानात सोबत न्या. "३५ सीसीचा द्या" एवढं पुरत नाही. बॉडीवरचा नंबर, आतला व्यास, बोल्टमधलं अंतर आणि चोकची दिशा जुळवा.

सेटिंग

एल (कमी रेसचा) आणि एच (पूर्ण रेसचा) स्क्रू काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा. जोर लावला तर टोकाला खाच पडते. सुरुवात पूर्ण बंदपासून एक ते दीड फेरा उघडून करा. नायलॉन हेड (गवत कापणाऱ्या दोरीचं डोकं) लावूनच ट्युनिंग करा, मोकळ्या दांड्यावर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं. पूर्ण रेसला, भार नसताना, आवाज किंचित घोगरा आणि गवतात घातल्यावर साफ हवा. भाराविनाच पातळ, चिरका आवाज आला तर लगेच बंद करा आणि एच पाव फेरा उघडा. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि अशा मशीनचा पिस्टन एका दुपारीत जाम होऊ शकतो. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच: २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. प्लग काढून बघा, टोक फिकट तपकिरी असेल तर सेटिंग बरोबर, पांढरट दिसलं तर पेट्रोल अजून कमी पडतंय किंवा कुठूनतरी हवा शिरतेय.