बोगनवेलीच्या पानांवर ठिपके: या चुका टाळा

पावसाळ्यात बोगनवेलीची पानं ठिपक्यांनी भरली की हात थेट बुरशीनाशकाच्या पुडीकडे जातो. ठिपका बुरशीचाच आहे का, हे बघायची सवड कुणाला नसते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गळून पडलेलं एक पान उचलून रोग ठरवणं. मेलेल्या पानावर भलत्याच बुरश्या येऊन बसतात, त्यांना आरोपी करू नका. वेलीवरची, नुकतेच ठिपके पडलेली पाच-सहा पानं घ्या. सर्कोस्पोरा गटातली बुरशी सहसा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते: मध्ये फिकट तपकिरी, कडेला तांबूस किनार, भोवती पिवळसर वलय. जिवाणूचा डाग कोवळ्या पानांनाही सोडत नाही, शिरांपाशी अडून कोनाकोनाचा होतो आणि उजेडासमोर धरला की त्याची कड तेलकट दिसते. डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे जिवाणूचाच रोग, पाहिलेल्याला ही कड सांगावी लागत नाही.

शंका असेल तर ओलसर टिश्यूसह पान झिपच्या पिशवीत घालून 24 ते 48 तास सावलीत ठेवा. 10 पट भिंगातून ठिपक्यावर, विशेषतः पानाच्या पाठीवर, करडी लव दिसली की बुरशीचा संशय पक्का. नाही दिसली, तर लगेच जिवाणूच्या नावाने बोंब नको. अजून एक दिवस थांबा.

दुसरा हमखास घोळ असा. शनिवारी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं, बुधवारी ठिपके तसेच, म्हणून कार्बेन्डाझिम हे दुसरं. तेही ‘चाललं नाही’ म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांबंयुक्त औषध, अंदाजपंचे दोन चमचे. आता औषधानेच पानांच्या कडा जळतात, आणि त्या जळक्या कडांना नवा रोग समजून चौथी फवारणी! अहो, डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होतच नाही. फांदीच्या टोकाकडच्या शेवटच्या निरोगी पानाखाली लोकरीचा धागा बांधा आणि त्याच्या पुढची पानंच बघा. बुरशी ठरली असेल तर मॅन्कोझेबची 75 टक्क्यांची भुकटी, लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम, काट्यावर मोजून, पानाच्या दोन्ही बाजूंना. पुढची फवारणी 10-12 दिवसांनी. तांबंयुक्त औषधाने फरक पडला म्हणजे बुरशीच होती, असंही नाही. ते जिवाणूलाही थोडंफार आवरतं.

संध्याकाळी पाइपने पानं भिजवू नका. ओल्या वेलीची छाटणी नको. गळलेली पानं कुंडीत कुजवू नका, उचला.

आणि ठिपका एकही नसताना पानं पिवळी पडून गळत असतील, तर फवारणीचा पंप खाली ठेवा आणि कुंडीचं भोक तुंबलंय का ते बघा.