व्हीक्यू स्कॅन: या चुका टाळा, नाहीतर पीई समोर असून दिसणार नाही

फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय का (म्हणजेच पीई, पल्मनरी एम्बॉलिझम) हे बघायला सीटी अँजिओ आहेच, पण किडनी खराब असेल किंवा कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी असेल तर पेशंट व्हीक्यू स्कॅनला येतो, म्हणजे किरणोत्सर्गी औषध देऊन फुफ्फुसात हवा कुठे पोचते (व्हेंटिलेशन) आणि रक्त कुठे पोचतं याचे फोटो. आणि हा स्कॅन बिघडतो तो बऱ्याचदा कॅमेऱ्यामुळे नाही, सुईमुळे.

रक्ताच्या फोटोसाठी टोचतो ते एमएए म्हणजे अल्ब्युमिन या प्रोटीनचे किरणोत्सर्गी कण, साधारण 10 ते 90 मायक्रॉनचे, रक्तासोबत जाऊन फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, जिथे रक्तच पोचत नाही तिथे फोटोत रिकामं दिसतं. आता शीर सापडली का बघायला रक्त मागे ओढायची सवय असते ना सगळ्यांना, ती इथे सोडा. सिरिंजमध्ये रक्त आलं की कणांसकट तिथेच गुठळी होते आणि मग फोटोत नुसते चमकदार ठिपके, मी पहिल्यांदा बघितले तेव्हा कॅमेराच गेला समजून अर्धा तास घालवलेला. सिरिंज पडून राहिली की कण खाली बसतात, म्हणून टोचायच्या आधी हलक्या हाताने उलटीपालटी करा. पेशंट आडवाच हवा, बसवून टोचलं तर रक्त खाली उतरतं आणि वरचा भाग उगाच रिकामा वाटतो. पल्मनरी हायपरटेन्शन, प्रेग्नन्सी किंवा हृदयात उजवीकडून डावीकडे शंट (रक्ताची फुफ्फुस टाळून शरीरात जाणारी वाट) असेल तर कणांची संख्या कमी करून 1 ते 2 लाखांवर आणा. आणि हो, किडनी दिसली म्हणून लगेच शंट लिहू नका, व्हेंटिलेशनसाठी श्वासातून दिलेलं डीटीपीए हे औषध पण तिथेच जातं, शंटसाठी मेंदू दिसतोय का ते बघा.

सीओपीडीवाल्यांत (श्वासनलिका अरुंद झालेल्या पेशंटमध्ये) डीटीपीएचा एरोसोल, म्हणजे बारीक फवारा, मोठ्या श्वासनलिकांतच साचतो, तिथे टेक्नेगॅस (अतिबारीक किरणोत्सर्गी कार्बन कणांचा धूर) मिळाला तर बरं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वाचणाऱ्याची. ‘लो प्रोबॅबिलिटी’ (शक्यता कमी) असा रिपोर्ट म्हणजे पीई नाही असं नव्हे! व्हीक्यू स्कॅन तपासणाऱ्या 1990 च्या पायोपेड स्टडीत डॉक्टरांना दाट शंका असताना ज्यांचा स्कॅन लो आला त्यातल्या 40 टक्के लोकांना पीई निघाली होती, म्हणजे पेशंटची हिस्टरी न बघता नुसता फोटो वाचला तर गेलंच. उलटही होतं, मिसमॅच (हवा पोचते पण रक्त नाही) दिसला पण गुठळी जुनी, किंवा हायलमच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या, गाठीने रक्तवाहिनी दाबलेली. म्हणून ताजा एक्स-रे शेजारी ठेवा, आधीचा स्कॅन असेल तर मागवा, आणि नसेल तर ट्रीटमेंटनंतर साधारण 3 महिन्यांनी परत एक करून ठेवायला सुचवा, पुढच्या वेळी दम लागला म्हणून हाच पेशंट आला की जुनं कुठलं नि नवं कुठलं ते त्यावरूनच कळतं.