रानातला नेचा आणि गुरांचं लाल मूत

वळवाचे एक-दोन पाऊस पडले की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या उतारांवर नेचे डोकं काढतात. गवत अजून वर आलेलं नसतं आणि उन्हाळाभर भाताच्या पिंजारावर काढलेली गुरं दिसेल त्या हिरव्याला तोंड घालतात. म्हणून या दिवसांत उपाशी जनावर रानात सोडू नका. सकाळी दावणीलाच पोटभर वैरण घाला, मग सोडा.

सगळेच नेचे घातक नसतात. जपायचं ते ब्रॅकन जातीला. याचं झुडूप होत नाही, जमिनीतून एकेक ताठ दांडा वेगळा निघतो. पान मोठं, त्रिकोणी, हाताला चरबरीत लागतं आणि कडा खाली दुमडलेल्या असतात. कोवळ्या गुंडाळलेल्या कोंबात विष सर्वांत जास्त, पण वाळलं म्हणून ते पुरतं जात नाही. तेव्हा गवत कापताना नेचा वैरणीत येऊ देऊ नका, गोठ्यात अंथरूही नका. यातलं टॅक्विलोसाइड नावाचं विष दुधातही उतरतं, म्हणून घरच्या पोरांसाठी तरी हे मनावर घ्याच.

एखाद्या घासानं गाय मरत नाही, हीच खरी फसगत. आठवड्यांनी ताप येतो, हिरड्यांवर लाल ठिपके दिसतात, नाकातून किंवा शेणातून रक्त जातं. वर्षानुवर्षं थोडं थोडं खाल्लं तर मूत्राशयात गाठी होऊन मूत लाल होतं. घोड्याला याच नेच्यानं बी-१ जीवनसत्त्व कमी पडून झोकांड्या येतात. त्याला त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागू पडतं. गाईच्या रक्तस्रावावर मात्र ते चालत नाही.

लाल मूत दिसलं की आपल्याकडे आधी गोचीडतापच आठवतो. स्वच्छ काचेच्या बाटलीत मूत धरा आणि काही तास न हलवता ठेवा. रक्त तळाशी बसून वरचं पाणी निवळलं, तर मूत्रमार्गातून रक्त जातंय. सगळी बाटली कॉफीसारखी एकसारखी राहिली, तर गोचीडताप किंवा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता असू शकते. औषधाची दिशाच बदलते, म्हणून बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा. जनावर कुठं चरत होतं तेही न विसरता सांगा. गाठी झाल्यावर खात्रीचा इलाज नाही. रान बदलणं मात्र पहिल्याच दिवशी करा.

उतार पेटवून नेचा जात नाही. जमिनीखालचा कंद शाबूत राहतो आणि राखेतून पुन्हा कोवळे कोंब येतात. पान पुरतं उघडलं की कापा, परत आलं की परत कापा. असं काही वर्षं केलं तर कंद खंगतो.