टीनएजर मुलांना पुस्तक सुचवताय? मग या चुका टाळा

दहा-अकरा वर्षांपर्यंत पुस्तकांचा फडशा पाडणारं मूल तेराव्या वर्षी अचानक वाचायचं बंद होतं आणि मग आपण सगळा दोष फोनवर टाकून मोकळे होतो. फोन आहेच हो, पण बऱ्याचदा आपण दिलेलं पुस्तकच चुकलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्या लहानपणीचं लाडकं पुस्तक "आम्ही तर एका रात्रीत संपवलं होतं" असं म्हणून हातात देणं. पुस्तक भारी असेलही, पण आता ते त्याला नाही आवडलं तर तुम्ही दुखावणार हे त्याला कळतं, मग ते उघडतच नाही. त्यापेक्षा आधी विचारा, शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलंस, कुठली सिरीज सलग बघितलीस, आणि त्यात नेमकं काय आवडलं. वेग, विनोद, दोस्ती की भीती? विषयापेक्षा हे जुळवा. क्रिकेट आवडतं म्हणून क्रिकेटरचं चरित्र आवडेलच असं नाही, त्याला कदाचित मॅचमधली चुरस आवडत असेल, मग रहस्यकथा जास्त चालेल.

वयाचा हिशोबही इथे चुकतो. या वयात मुलांना स्वतःपेक्षा लहान नायक नको असतो, वर्ष-दोन वर्षांनी मोठा हवा असतो. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (2004) नववीतल्या मुलाच्या तोंडून येते त्यामुळे सातवी-आठवीतल्यांनाही ती जवळची वाटू शकते, फक्त त्यात आणीबाणीचा काळ आहे, तेव्हा देताना त्याबद्दल दोन वाक्यं सांगा, नाहीतर काही संदर्भ डोक्यावरून जातात.

आता अवघड विषय. मृत्यू, प्रेम, शरीर, आईबापांचा राग, असलं काही दिसलं की आपण पुस्तक मागे ओढतो आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीला तिची डायरी मिळाली तेराव्या वाढदिवसाला. 1947 साली ती पहिल्यांदा छापली तेव्हा वडिलांनी आईबद्दलचे कडवट आणि शरीराबद्दलचे काही भाग गाळले होते, जे नंतरच्या आवृत्त्यांत परत आले. म्हणजे वाचणाऱ्या पोरीला "अरे, ही तर माझ्यासारखीच आहे" असं जिथे वाटलं असतं, मोठ्यांनी नेमकं तेच काढलं! तुम्ही आधी स्वतः वाचा, जड प्रसंग असेल तर तसं सांगून ठेवा, पण निवड त्यांना करू द्या.

कॉमिक्सला "हे काय वाचन आहे का" म्हणू नका. आर्ट स्पिगलमनच्या 'माउस' या चित्रकादंबरीला 1992 मध्ये खास पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला, एवढं पुरे.

पुस्तक तिसाव्या पानावर अडकलं तर? जबरदस्ती नको. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंचा सोपा नियम आहे, 50 पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. फ्रेंच लेखक दानिएल पेनाकने तर वाचकाचे दहा हक्क सांगितलेत, त्यात पानं गाळणं आणि अर्धवट सोडणं दोन्ही येतं. फक्त का सोडलं ते प्रेमाने विचारा, कारण उपाय त्यावरच ठरतो. सुरुवातीलाच खूप पात्रं असतील तर पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मराठी जड जात असेल तर कादंबरीऐवजी छोट्या कथा द्या किंवा ऑडिओबुक लावून समोर पुस्तक धरू द्या, आणि पुस्तक बालिश वाटलं असेल तर सरळ मोठ्यांचं पुस्तक द्या, काही बिघडत नाही.

एकच सिरीज परत परत वाचत असेल तर वाचू दे, त्याच लेखकाचं दुसरं काही असेल तर ते सहज हाताला लागेल असं जवळ ठेवून द्या.

एकच पुस्तक नका देऊ, तीन-चार समोर ठेवा, निवडायला मिळालं की अर्धा विरोध तिथेच संपतो. आणि संपल्यावर "काय शिकलास?" हा प्रश्न नकोच, त्याने पुस्तकाचा अभ्यास होऊन जातो. तो स्वतःहून बोलायला लागला तर मात्र हातातलं काम सोडून ऐका, कुठलं पात्र आवडलं, कुठे चिडला, कुठे बोअर झालं, पुढचं पुस्तक कुठलं द्यायचं ते त्यातच कळतं.